एका वेळी एकच आकडा

कुसुमताई साळवे संगणक सुरू करताना पडद्याकडे पाहत नसत. बटण दाबले की डावा तळहात खोक्याच्या मागच्या जाळीवर ठेवत, मान किंचित कलती करत आणि ओठ हलवत मोजू लागत. चौदापर्यंत मोजून झाले की म्हणत, “उठला.” मग पडद्यावर काहीतरी उमटे. पंख्याची झुळूक किती गरम आहे, आवाज कुठे चढतो नि कुठे उतरतो, एवढ्यावरून त्यांना त्या यंत्राची प्रकृती समजे. मी संगणकशास्त्राची एम.एस्सी. आहे आणि सतरा वर्षे हा विषय शिकवते. माझ्या तळहाताला त्या झुळकीतून आजवर उकाड्याखेरीज काहीही समजलेले नाही.

वर्गात मी सिद्ध करायचे विधान आधी फळ्यावर लिहिते आणि नंतर पायऱ्या मांडते. इथेही तोच क्रम ठेवते. कुसुमताई आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होत्या. त्यांची नोकरी गेली आणि ती माझ्यामुळे गेली. मला त्यांचा हेवा वाटत असे. आता पायऱ्या.

आमचे महाविद्यालय पौडला आहे. संगणक कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. सकाळी आठ वाजता तिथे गारठ्याने खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि दुपारी दोनला फळ्याजवळ उभे राहवत नाही. कक्षात बारा संगणक आहेत. हिंजवडीकडच्या एका कंपनीने ते काढून टाकले आणि आमच्या संस्थेने आनंदाने घेतले. ते आले त्याच वर्षी कुसुमताई आल्या, अकरा महिन्यांच्या करारावर. काम ठरले होते ते असे: कक्ष उघडणे, धूळ पुसणे, हजेरीच्या नोंदवहीवर सह्या घेणे.

त्या भरे गावच्या. वय माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी जास्त. पिरंगुटच्या एका कारखान्यात पंधरा वर्षे त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळली. कारखाना दुसरीकडे हलला, त्या हलल्या नाहीत. हे सर्व तुम्ही शिकलात कुठे, असे मी त्यांना एकदा विचारले. प्रश्नात कौतुक कमी आणि चौकशी जास्त होती.

“शिकली कुटं, म्याडम? तारंचा एक येढा कमीजास्त पडला की ट्रान्सफॉर्मर गुणगुणतोय. त्ये ऐकायची सवय लागली. बाकीचं मोबाइलवर बघितलं. त्यो हिंदी बोलणारा पोरगा लई बडबडतुया, पण हात सावकाश चालवतुया. म्या आवाज बंद करून निसतं हात बघती.”

इथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. संगणकात गणित करणारा जो प्रोसेसर असतो, त्याची गती दोन आकड्यांच्या गुणाकारातून ठरते. पहिला आकडा मूळ ठोक्यांचा, सेकंदाला दहा कोटी. दुसरा गुणक. कारखान्याने गुणक पस्तीस ठेवला असेल तर सेकंदाला साडेतीनशे कोटी ठोके पडतात. काही प्रोसेसरांत हा गुणक आपल्याला बदलता येतो आणि आमचे बाराही त्या जातीचे निघाले. गुणक वाढवला की गती वाढते, पण प्रोसेसरला अधिक विद्युतदाब लागतो. दाब वाढला की उष्णता वाढते आणि उष्णता वाढली की गणित चुकू लागते. मेमरीचेही असेच आहे. तिचा स्वतःचा एक वेग असतो, आणि मागितलेली गोष्ट हाती देण्याआधी तिने किती ठोके थांबायचे, याचाही एक आकडा असतो. वेग वाढवावा आणि थांबणे कमी करावे, अशी ही ओढाताण. या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आकडा वाढवणे कोणालाही जमते. तो वाढवूनही यंत्र दिवसचे दिवस न चुकता चालले पाहिजे, हा खरा प्रश्न असतो.

हे स्पष्टीकरण मी वर्गात फळ्यावर आकृती काढून दर वर्षी देत असे. कुसुमताई मागच्या बाकावर बसून ऐकत. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत प्राचार्यांची परवानगी घेऊन त्यांनी चार नंबरचा संगणक उघडला. प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे पोचवणारा, आता वाळून खडखडीत झालेला लेप खरवडला, नवा लावला, पंख्यांची पाती ओल्या फडक्याने एकेक करून पुसली आणि गुणक पस्तीसचा छत्तीस केला. एकानेच वाढवला. सुट्टी संपेपर्यंत तो एकोणचाळीस झाला होता. जानेवारीअखेर बाराही संगणक त्रेचाळीसवर चालत होते आणि एकही बंद पडत नव्हता.

त्यांची एक लांब वही होती. तिच्यात रकाने आखलेले असत: यंत्र, आकडा, सकाळ, दुपार, संध्याकाळ. शेवटच्या रकान्यात त्या ‘बसला’ किंवा ‘न्हाई बसला’ एवढेच लिहीत. स्थिरतेची चाचणी घेणारा प्रोग्रॅम त्या सकाळी लावत आणि घरी जाताना तसाच चालू ठेवून जात. दुसऱ्या दिवशी कक्ष उघडल्यावर आधी वही भरत, मगच केरसुणीला हात लावत. त्यांचे नियम दोनच. एका वेळी एकच आकडा हलवायचा. आणि दुपारी पत्रा तापल्यावर जो टिकला नाही, तो बसला असे म्हणायचे नाही.

“सकाळच्याला टिकला की वो,” मी एकदा म्हणाले. त्यांच्याशी बोलताना माझ्याही तोंडी त्यांची धाटणी येई, याचा मला राग येत असे.

“सकाळच्याला समदेच शाने असत्यात, म्याडम.”

विद्यार्थी हसले. मीही हसले. नंतर शिक्षक कक्षात गेल्यावर लक्षात आले, की सबंध तासात मुलांनी लिहून घेतले असेल तर ते हे एकच वाक्य.

हेव्याची सुरुवात नेमकी कधी झाली हे मी अनेकदा तपासून पाहिले आहे. मला वाटते, ती ‘कुठायत’ या शब्दापासून झाली. मी वर्गात असताना एखाद्या मुलीचा संगणक अडे. मी तिच्याजवळ जाई, कारणे सांगू लागे, पहिले कारण, दुसरे कारण. ती नम्रपणे मान डोलावे आणि मी वळले की शेजारणीला हळूच विचारे, “कुसुमताई कुठायत गं?” कुसुमताई येत, तळहात लावत, मोजत आणि म्हणत, “याला तहान न्हाई लागली, याला धाप लागलीय. पंखा अडकलाय बग.” माझ्या यादीत ते तिसरे कारण होते. मी तिथवर पोचणारच होते.

हे एवढे महाविद्यालयापुरते राहिले असते तर कदाचित मी सोसले असते. पण मी राहते भुकूमला, नव्या इमारतींच्या वसाहतीत. माझ्या वरच्या मजल्यावर निखिल नावाचा संगणक अभियंता राहतो. त्याने स्वतःसाठी एक संगणक बांधून घेतला होता. काचेचे खोके, आत रंग बदलणारे दिवे, प्रोसेसर थंड ठेवायला नळ्यांतून फिरणारे पाणी. गुणक त्याने थेट पन्नासवर नेला होता आणि काम ऐन भरात आले की संगणक कोलमडे. मी शिक्षिका आहे हे ऐकून तो माझ्याकडे आला. मी तीन रविवार त्याच्या घरी गेले. माहितीपुस्तिकेची छापील प्रत नेली, शक्यतांचे कोष्टक केले, बारापैकी नऊ शक्यता खोडल्या. संगणक कोलमडतच राहिला. चौथ्या रविवारी मी दूध घेऊन येत होते, तर वसाहतीच्या फाटकाशी कुसुमताई उभ्या. आमच्या एका विद्यार्थ्याकडून निखिलला त्यांचे नाव कळले होते, हे मला नंतर समजले.

राखणदार घरकामाला येणाऱ्या बायकांची वही पुढे करून विचारत होता, “कोणत्या फ्लॅटचं काम, मावशी? भांडी का लादी?”

“चारशे दोन. मेमरी,” कुसुमताई म्हणाल्या आणि त्यांनी कामाच्या रकान्यात ‘मेमरी’ असे ठळक लिहून सही केली.

मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. “म्याडम, तुमी हितंच ऱ्हाता? बरं झालं. चला की वर, दोघी बघू.”

मी घरात पाहुणे असल्याचे खोटे कारण सांगितले. त्यानंतर मात्र वीस मिनिटांनी, साखर मागण्याच्या निमित्ताने, मी चारशे दोनमध्ये गेले. कुसुमताई फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि निखिल त्यांच्यासमोर गुडघ्यांवर.

“पन्नास दिसतुया झ्याक,” त्या सांगत होत्या, “पण ह्यो टिकायचा न्हाई. सत्तेचाळीस घ्या.”

“अहो ताई, पण अ‍ॅक्च्युअली सगळ्यांचे पन्नासवर चालतात. मी ऑफिसमधे काय सांगू?”

“सांगा, माझा बंद पडत न्हाई. मंग तेंना इचारा, तुमचा?”

निखिलने सत्तेचाळीस घेतला. मेमरीच्या चार पट्ट्यांपैकी एक दुसऱ्या जातीची होती, ती त्यांनी काढायला लावली. माझ्या कोष्टकात ही शक्यता दहावी होती. त्या दिवसापासून निखिल जिन्यात भेटला की मला विचारी, “मॅडम, ताई काय म्हणतात?” आणि मी सांगे, “मजेत आहेत.” साखरेची वाटी मी त्याला आजवर परत केलेली नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे येते. आमच्या संस्थेने त्रिमितीय आरेखनाचा नवा अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले. इमारतीचा, यंत्राच्या सुट्या भागाचा नकाशा संगणकावर उभा करायचा, त्यावर उजेड-सावली पाडायची, असे हे शिक्षण. पिरंगुटच्या कारखान्यांत आणि भुकूमच्या बांधकामांवर त्याला मागणी आहे. अभ्यासक्रम आम्हाला मिळणार की शहरातल्या शाखेला, हे ठरवायला तिघांची समिती येणार होती. आमच्या जुन्या संगणकांवर हे जड काम होऊ शकते, हे समितीसमोर दाखवायचे होते. झाले तर अभ्यासक्रम इथे येईल आणि कुसुमताईंची जागा कायम होईल. झाले नाही तर कक्षातले निम्मे संगणक उचलले जातील आणि सहायकाची जागाच उरणार नाही. प्राचार्यांनी हे आम्हा दोघींना समोर बसवून सांगितले. कुसुमताईंनी पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

“कायम म्हंजी, सर, दर साली अर्ज न्हाई?”

“नाही. एकदाच.”

“मंग बसवू आपण.”

प्राचार्य माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, समितीचं स्वागत तुम्ही करा. तांत्रिक माहिती मात्र कुसुमताईंना सांगू दे. प्रत्यक्ष करणारं माणूस बोललं की वजन पडतं.”

हे वाक्य मी दोन आठवडे वागवले. प्रत्यक्ष करणारे माणूस. भाजी चिरताना, पेपर तपासताना, एसटीच्या खिडकीशी, ते मला ऐकू येई. माझी पदवी, माझी सतरा वर्षे, माझ्या फळ्यावरच्या आकृती, हे सर्व त्या वाक्याच्या अलीकडे उभे होते आणि पलीकडे एक बाई तळहात लावून मोजत होती.

समिती सोमवारी दुपारी यायची होती. शनिवारी सकाळी आठला मी कक्ष उघडवून घेतला. कुसुमताई त्या दिवशी भाच्याच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. सात नंबरच्या संगणकावर बसून मी तीन आकडे बदलले. मेमरीचा वेग एक पायरी वाढवला. तिचा थांबण्याचा आकडा सोळाचा पंधरा केला. आणि उष्णता कमी व्हावी म्हणून प्रोसेसरचा विद्युतदाब किंचित उतरवला. प्रत्येक बदलामागे कारण होते आणि प्रत्येक कारण मी कागदावर लिहून काढले होते. चाचणी चाळीस मिनिटे चालवली. एकही चूक नाही. नकाशा रंगवण्याचे काम सात नंबरने उरलेल्या अकरांपेक्षा लवकर पुरे केले. माझी योजना साधी होती. सोमवारी सर्व संगणक एकदम कामाला लागतील, सात नंबर सर्वांच्या आधी थांबेल, समितीतील कोणीतरी विचारेल, आणि मी शांतपणे सांगेन, “हा मी बसवला आहे.” मला कोणाचे वाईट करायचे नव्हते. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितले आहे, की आता त्यावरचा माझा विश्वास पातळ झाला आहे.

सोमवारी समिती जेवून, अडीच वाजता वर आली. पत्रा तडतडत होता. विद्यार्थ्यांनी पौडच्या एसटी स्थानकाचा आराखडा तयार केला होता. फलाट, बाके, छपराच्या कैच्या, चौकशीची खिडकीसुद्धा. कुसुमताई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. त्यांनी समितीला नमस्कार केला आणि घसा खाकरून म्हणाल्या, “ही यंत्रं जुनी हायेत, पण बसवल्याली हायेत.” समितीतले एक गृहस्थ हसले. ते हसणे चांगले होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि ते सात नंबरसमोर जाऊन बसले, कारण त्या पडद्यावरचे चित्र सर्वांच्या पुढे होते.

माझ्या छातीत काहीतरी फुलले.

काम संपत आले. चित्र साठवण्याची वेळ झाली. पडदा निळा पडला आणि त्यावर पांढरी अक्षरे आली.

संगणक पुन्हा सुरू केला, तर आराखडा उघडेना. साठवताना अर्धाच लिहिला गेला होता. शेजारच्या संगणकावर त्याच कामाचा आराखडा व्यवस्थित पुरा झाला, त्याच्या शेजारीही झाला, अकराही ठिकाणी झाला. पण त्या गृहस्थांनी खुर्ची मागे सरकवली होती.

“असं नेहमी होतं का?” त्यांनी विचारले.

“न्हाई, साहेब. कदी न्हाई.”

“मग आज?”

प्राचार्यांचा आवाज चढला. “कुसुमताई, हे काय आहे? पंधरा दिवस काय करत होतात तुम्ही?”

कुसुमताईंनी सात नंबरकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. ते पाहणे किती वेळ चालले हे मला सांगता येणार नाही. माझ्या मोजण्यावर त्या दिवसापासून माझा भरवसा नाही.

“माझ्याकडून ऱ्हायलं आसंल, सर,” त्या म्हणाल्या.

मी बोलायला हवे होते. एक वाक्य पुरेसे होते आणि ते पाठ होते, ‘हा मी बसवला आहे.’ मी पाण्याचे पेले गोळा करू लागले.

अभ्यासक्रम शहरातल्या शाखेला गेला. कुसुमताईंच्या कराराचे नूतनीकरण होणार नाही, असे पत्र चौथ्या दिवशी आले. त्याच दिवशी मी प्राचार्यांच्या दालनात गेले, दार लावले आणि सर्व सांगितले. आकडे, वेळ, चाळीस मिनिटांची चाचणी, सगळे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग चष्मा काढून हसले.

“मॅडम, तुमचं मन मोठं आहे. एखाद्या गरीब बाईची नोकरी वाचावी म्हणून स्वतःवर आळ घ्यायचा, हे सगळ्यांना नाही जमत.”

“सर, मी खरं सांगते आहे.”

“एम.एस्सी. झालेली बाई असलं काही करेल, हे समिती मानेल का? मी तरी मानेन का?”

“मी लेखी देते.”

“मुळीच देऊ नका. तुमचं नाव कशाला खराब करता?”

मी लेखी दिले नाही. ही पायरी गाळली तर सिद्धता अपुरी राहील, म्हणून लिहिते. त्यांनी मला अडवले आणि मी अडले. दालनातून बाहेर पडताना शिपायाने मला नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून नमस्कार केला. दाराला कान होता त्याचा. संध्याकाळपर्यंत शिक्षक कक्षात माझ्या मोठ्या मनाची चर्चा होती.

कुसुमताईंनी एप्रिलअखेरपर्यंत काम केले. मधल्या चौदा एप्रिलच्या जयंतीला नेहमीप्रमाणे दोन दिवस रजा घेतली आणि येताना सर्वांना बुंदी आणली. मलाही दिली. मी त्यांच्या वेळेत वर जाण्याचे टाळत असे. शेवटच्या दिवशी मी दाखल्यांच्या कामासाठी पुण्याला गेले होते. ते काम दुसऱ्या दिवशीही झाले असते.

त्यानंतर त्या भेटल्या त्या एकदाच, पौडच्या स्थानकात, पावसाळा सरत आलेला असताना. मी भुकूमकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बाकावर बसले होते. त्या तहसील कचेरीतून कसलासा उतारा घेऊन येत होत्या. माझ्या शेजारी बसल्या, छत्री झटकली आणि म्हणाल्या, “म्याडम, वाळलासा.”

मी विचारले, काय चालले आहे. भुकूमला इमारतींची चित्रे करून देणारे एक कार्यालय आहे, निखिलने तिथे शब्द टाकला होता. आठ यंत्रे त्यांच्या ताब्यात होती. “समदी पोरं विशीतली. मला आत्या म्हणत्यात. एसी हाय, म्याडम, दुपार कळतच न्हाई. लई अवघड जातंय.”

मी म्हणाले, “कुसुमताई, सात नंबर मी बदलला होता.”

“ठावं हाय की.”

“त्या दिवशी मी काही बोलले नाही. माझ्याकडे पाहिलंत तेव्हा कळलं ना तुम्हाला?”

“तवा न्हाई. सकाळीच. वही भरताना आकडं बघितलं, तर तीन येगळं. कुलूप तुमी उघडून घेतलं व्हतं, शिपायानं सांगितलं.”

“सकाळी? मग समिती यायच्या आधी परत का नाही केलेत? पाच मिनिटांचं काम होतं.”

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिले, जणू मी फारच सोपा प्रश्न विचारला होता.

“तुमी लावल्याला आकडा, म्याडम. म्या कसा काढू? माझ्या मनात आलं, की दुपारचं बघितल्याबिगर न्हाई ठिवायचा. पर म्हटलं, तुमी शिकल्याल्या. तुमचं बराबरच आसंल.”

समोर एक गाडी मागे-पुढे करत फलाटाला लागत होती. वाहक शिट्टी वाजवत होता. मी त्या शिट्टीकडे लक्ष देऊन ऐकत राहिले.

साऱ्या महाविद्यालयात माझ्या ज्ञानावर एवढा विश्वास असणारे माणूस एकच होते, आणि मी ज्याच्यावर मात करायला निघाले होते तेही तेच.

“चूक झाली माझी,” मी म्हणाले.

“चूक झाली, पन कुटली झाली?” त्या माझ्याकडे वळून बसल्या. त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपे गेले असते. त्यात मला वर्गातला माझाच आवाज ऐकू आला, चुकलेले गणित पुन्हा सोडवून घेणारा. “तीन आकडं तुमी एकदम हलवलं. मंग चुकला कुटला, त्ये तुमाला कसं कळनार?”

“नाही कळलं.”

“त्येच म्हनते मी. म्हनून म्या जायच्या आदी एकेक करून बघितलं. तुमचं तिन्ही पुन्यांदा लावलं आन् एकेक काढत गेली. सकाळ, दुपार, समदं. आठ दिस गेलं. तुमाला सांगायचं व्हतं, पन शेवटच्या दिशी तुमी नव्हता.” त्यांनी तीन बोटे धरली आणि एक मिटले. “दाब तेवढा कमी पडत व्हता, पत्रा तापल्यावर. मेमरीचं दोनी बसलं. माझ्यापरीस बराबर व्हतं तुमचं. म्या सोळाच्या खाली कदी गेलीच न्हाई, भ्याली. आता त्या हापिसात समद्या यंत्रांवर पंधराच लावलाय.”

त्यांची गाडी लागली होती. गर्दीतून कोणीतरी त्यांना हाक मारून जागा धरल्याचे सांगितले. त्या उठल्या, छत्री काखेत मारली, पायरीवर चढल्या आणि आत दिसेनाशा झाल्या. मग एका खिडकीत त्यांचा चेहरा आला. त्या शेजारच्या बाईला काहीतरी समजावत होत्या आणि ती बाई हसत होती. गाडी वळली तेव्हा त्यांनी बाहेर पाहिले नाही.

मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, नंतर, आणि अजूनही वाटते. मात्र त्या वेळी, ओल्या बाकावर पिशवी मांडीवर धरून बसलेली असताना, मला जे वाटले ते मी या कागदावर प्रामाणिकपणे लिहून ठेवते. दोन बरोबर होते. त्यांच्यापेक्षा बरोबर. भुकूमची गाडी आली आणि माझ्यासमोरून निघून गेली, तरी मी तेच मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते.